रविवारी साडेतीनला सभागृह उघडं ठेवा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सभासद,
मैदान व सभागृह समिती, नवीन नाशिक

१८ ऑगस्ट २०२३

स. न. वि. वि.

परवा बुधवारी संध्याकाळी मला समितीचा फोन आला. येत्या रविवारी, २० तारखेला दुपारी, मुलींना महिला फुटबॉल विश्वचषकाची फायनल बघायला सभागृह मिळणार नाही, एवढंच सांगायचं होतं. तिकडे सिडनीत इंग्लंडने ऑस्ट्रेलियाला ३-१ हरवलं त्याला तासही झाला नव्हता आणि आमच्या दाराशी मुली अजून त्याच मॅचबद्दल बोलत होत्या. मी कारण विचारलं. दोन कारणं मिळाली. एक, संध्याकाळी क्रिकेटची मॅच दाखवायची आहे, दुपारपासून हॉल अडकवून कसं चालेल. दुसरं, ‘‘ताई, मुलींच्या फुटबॉलची फायनल बघतं तरी कोण?’’

पहिलं कारण घड्याळ लावून बघितलं तर टिकत नाही. फायनल आपल्या वेळेनुसार साडेतीनला सुरू होते. मधली सुट्टी आणि भरपाईची मिनिटं धरून साडेपाचला संपते. बरोबरी झाली, जादा वेळ आणि पेनल्ट्यांपर्यंत गेली, तरी सव्वासहा-साडेसहा. भारत-आयर्लंड मॅच साडेसातला आहे. मधे तास उरतो. सतरंज्या आम्ही उचलू, झाडूही आम्ही मारू. सोमवारच्या नागपंचमीच्या कार्यक्रमासाठी हॉल स्वच्छ हवा, असंही कुणी म्हणाल्याचं कळलं. तोही स्वच्छच मिळेल.

दुसऱ्या कारणाला उत्तर द्यायला मात्र मला हे सगळं पत्र लागलं.

ते उघडपणे का लिहिते, तेही सांगते. तुमच्यापैकी निम्म्यांना मी भाऊ म्हणते, आपण एकमेकांच्या घरच्या लग्नकार्याला जातो. जून महिन्यापासून मी तीन अर्ज दिले, तिन्हींची पोच माझ्याकडे आहे, उत्तर एकाचंही नाही. सभागृहाच्या अर्जाला तोंडी होकार मिळाला होता, तोही आता मागे घेतला. बंद पाकिटातल्या कागदाचं काय होतं ते बघून झालं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. यात कुणाचा अपमान नाही, कुणाची खुर्ची मागितलेली नाही.

मी अंबडच्या एका कारखान्यात स्विचगिअरच्या असेंब्ली लाइनवर काम करते. रविवारी सुट्टी मिळावी म्हणून पाळी बदलून घेतली आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची, आठवीत आहे, आणि आपल्या मैदानावर खेळणाऱ्या सतरा मुलींमधली ती गोलकीपर आहे. सुरुवातीला कुणीच तिथे उभं राहायला तयार नव्हतं म्हणून ती उभी राहिली. आता तिला दुसरीकडे खेळायला सांगितलं तर रडू येतं. फुटबॉल मला तिच्यामुळे कळला. ऑफसाइड म्हणजे काय ते तिने मला पोळपाटावर बोरं मांडून शिकवलं.

गेल्या वर्षी ३० ऑक्टोबरला मी तिला घेऊन नेरूळला गेले होते. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाची फायनल आपल्या महाराष्ट्रात, डी. वाय. पाटील स्टेडियमवर होती. सकाळी पंचवटीने कल्याण, पुढे लोकल बदलत नेरूळ. आधी तिसऱ्या क्रमांकाची मॅच बघितली. नायजेरियाने जर्मनीला पेनल्ट्यांवर हरवलं. रात्री स्पेन आणि कोलंबिया. स्पेन १-० ने जिंकलं. तो एक गोलही कोलंबियाच्या खेळाडूच्या पायाला लागून तिच्याच जाळीत गेला, आणि ती पोरगी नंतर मैदानात बसून राहिली. माझी लेक कप उचलणाऱ्यांकडे बघत नव्हती, त्या मुलीकडे बघत होती. परत यायला पहाट झाली. मी तशीच पहिल्या पाळीला गेले.

त्याच स्पेनचा मोठ्या बायकांचा संघ परवा फायनल खेळणार आहे. म्हणून आमच्या मुलींना ही मॅच परक्यांची वाटत नाही.

आता ‘बघतं तरी कोण’ याबद्दल. फायनल ज्या स्टेडियमवर आहे तिथेच बुधवारी ऑस्ट्रेलिया-इंग्लंड सेमीफायनल झाली. त्या मॅचला ७५ हजारांवर माणसं होती. गेल्या वर्षी लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर बायकांच्या युरो कपची फायनल ८७,१९२ लोकांनी बघितली. बार्सिलोनाच्या बायकांच्या संघाची मॅच एप्रिल २०२२ मध्ये ९१,६४८ लोकांनी बघितली. हे आकडे मी पाठ केलेले नाहीत, माझ्या मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते लिहिलेले आहेत. आणि बघणारे आपल्याकडेही आहेत. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर दुपारी दीडला स्पेन-स्वीडन सेमीफायनल होती. सभागृहाला कुलूप होतं. सतरापैकी चौदा मुली सभागृहाच्या पायऱ्यांवर माझ्या एका मोबाइलभोवती दाटीवाटीने बसल्या. ८१व्या मिनिटाला स्पेनच्या सल्मा पारायुएलोने गोल केला. ८८व्या मिनिटाला स्वीडनने बरोबरी केली. तिथे नेट अडकलं. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिलं. चित्र परत आलं तेव्हा स्पेनच्या मुली एकमेकींच्या अंगावर पडलेल्या होत्या आणि आमच्यापैकी कुणालाच कळेना की झालं काय. ओल्गा कार्मोनाने कॉर्नरवरून आलेला बॉल लांबून मारला, तो क्रॉसबारला लागून आत गेला. या विश्वचषकातला तो सगळ्यात मोलाचा गोल आमच्या मुलींना रात्री दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर बघावा लागला.

त्यातल्या तिघी सुरगाणा-पेठकडच्या आहेत, इथे नातेवाइकांकडे राहून शिकतात. त्यांच्याकडे टीव्ही नाही. डीडी स्पोर्ट्सवर ही मॅच फुकट दिसते आणि सभागृहात टीव्ही आहे, डिश आहे, पंखे आहेत. वर्गणी आम्हीही भरतो.

फायनलमध्ये काय होईल यावर मैदानाच्या कठड्यावर रोज चर्चा चालते, त्यातलं थोडं इथे लिहिते. तुम्हाला या मुली काय बघतात, किती बारकाईनं बघतात, हे कळावं. दोन्ही संघ पहिल्यांदाच विश्वचषकाची फायनल खेळताहेत. स्पेनने सहा मॅचमध्ये १७ गोल केले, ७ खाल्ले. त्यातले चार एकट्या जपानने मारले. इंग्लंडने १३ केले आणि फक्त ३ खाल्ले. मुलींना खेळ शिकवणारे आमचे सर म्हणतात, बॉल स्पेनकडे राहील, प्रश्न एवढाच की त्या बॉलचं त्या काय करतील. मधल्या फळीत ऐताना बोनमाती आहे, तिच्या पायातून बॉल काढून घेणं फार अवघड. इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन, बेथ मीड, फ्रॅन कर्बी तिघी दुखापतीमुळे आल्याच नाहीत. तरी त्यांच्या प्रशिक्षक सरीना वीगमन या बाईंनी चीनविरुद्धच्या मॅचपासून मागे तीन डिफेंडर ठेवून संघाची मांडणीच बदलली आणि संघ सावरला. सेमीफायनलच्या चार संघांमध्ये बाई प्रशिक्षक त्या एकट्याच. लॉरेन जेम्सला नायजेरियाविरुद्ध लाल कार्ड मिळालं होतं, दोन मॅचची शिक्षा संपवून ती रविवारी परत खेळू शकते. गेल्या वर्षी युरोच्या क्वार्टरफायनलमध्ये याच स्पेनला इंग्लंडने जादा वेळेत २-१ हरवलं होतं. म्हणून निम्म्या मुली इंग्लंड म्हणतात.

मी स्पेन म्हणते, आणि त्याचं कारण त्यांची गोलकीपर. काता कोल, बावीस वर्षांची. जपानकडून ४-० हरल्यावर प्रशिक्षकांनी तिला बाद फेरीत, स्वित्झर्लंडविरुद्ध पहिल्यांदा उभं केलं. मोठ्या संघाकडून तिची ती आयुष्यातली पहिली मॅच. अकराव्या मिनिटाला तिच्याच संघातल्या मुलीने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून मागे दिलेला बॉल तिला चुकवून जाळीत गेला. पदार्पणात पहिला गोल खाल्ला तो असा. माझ्या मुलीने त्या वेळी माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. त्यानंतर काता कोल शांतपणे खेळली, स्पेन ५-१ जिंकलं, पुढच्या दोन्ही मॅचना तीच उभी होती. रविवारी विश्वचषकाची फायनल ही तिची चौथी आंतरराष्ट्रीय मॅच असेल. हे कसं जमतं? तर २०१८ मध्ये स्पेनने सतरा वर्षांखालचा विश्वचषक जिंकला तेव्हाही गोलमध्ये तीच होती. सल्मा पारायुएलोही त्याच संघातली. गेल्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांखालच्या फायनलमध्ये तिने जपानविरुद्ध दोन गोल केले, आणि आज ती एकोणीस वर्षांची आहे. नेरूळला आम्ही बघितल्या त्या या रांगेतल्या सगळ्यात धाकट्या. स्पेनची रविवारची आशा प्रशिक्षकाच्या फळ्यावर जेवढी आहे, त्याहून जास्त या रांगेत आहे, असं मला वाटतं. या महिन्यापर्यंत स्पेनने विश्वचषकात बाद फेरीतली एकही मॅच जिंकलेली नव्हती. २०१५ च्या आधी तर त्यांना विश्वचषकात प्रवेशही मिळालेला नव्हता. आणि १९८० पर्यंत त्यांचा महासंघ बायकांच्या फुटबॉलला मान्यताच देत नव्हता.

१९८० हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जानेवारीत कालिकतला आशियाई स्पर्धेची फायनल झाली आणि त्यात भारताचा बायकांचा संघ खेळला. १९८३ मध्ये पुन्हा फायनलला पोचला. म्हणजे स्पेनला सुरुवातही करायची होती तेव्हा आपल्या बायका आशियात दुसऱ्या होत्या. आज त्या सिडनीत आणि आपण कुठे? जानेवारी २०२२ मध्ये आशियाई चषक इथेच, मुंबई-नवी मुंबई-पुण्यात होता. त्यातूनच या विश्वचषकाचे संघ ठरणार होते. २३ जानेवारीला चायनीज तैपेईविरुद्ध मॅच होती, पण कोविडमुळे भारताला तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. मॅच झाली नाही आणि संघ स्पर्धेतून बाहेर. त्या मुलींचा त्यात काय दोष होता? कोविडचं आपण समजू शकतो. पण १९८३ ते २०२२ या चाळीस वर्षांत काय झालं ते समजून घ्यायला मला फार लांब जावं लागत नाही, आपलं मैदान पुरे आहे.

इंग्लंडचा इतिहास वाचून मला सगळ्यात जास्त धक्का बसला. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन गावच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या बायकांनी संघ काढला, त्याचं नाव ‘डिक, कर लेडीज’. माझ्यासारख्याच कारखान्यात उभं राहून काम करणाऱ्या बायका. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३ हजार माणसं आली. मिळालेले पैसे जखमी सैनिकांसाठी, दवाखान्यांसाठी जायचे. पुढच्या वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला. हा खेळ बायकांना योग्य नाही, असं त्यात म्हटलं. आता नीट बघा, त्यांनी बायकांना खेळायला बंदी केली नाही. त्यांनी आपल्या क्लबांना सांगितलं, बायकांना तुमची मैदानं देऊ नका. एवढंच. हा नियम पन्नास वर्षं, १९७१ पर्यंत राहिला. बायका बागांमध्ये, शेतांत खेळत राहिल्या, पण ५३ हजार माणसं बागेत कशी मावणार? पन्नास वर्षं बघणारे येऊ दिले नाहीत आणि मग विचारलं, बघतं तरी कोण?

आपल्या समितीनेही मुलींना खेळू नका असं कधी म्हटलेलं नाही. ते मी मान्य करते. म्हणून आता मैदानाबद्दल बोलते.

पहिलं, वेळ. मुलींना सोम-बुध-शुक्र पाच ते साडेसहा मैदान मिळायचं. जूनपासून ते फक्त शुक्रवारवर आलं. १ ऑगस्टपासून तेही गेलं, कारण ढोलपथकाचा सराव. ढोलाबद्दल माझी तक्रार नाही. नाशिक ढोल हा आपला अभिमान आहे आणि माझा पुतण्या त्याच पथकात ताशा वाजवतो. पण गणपती झाले की दांडिया, दांडिया झाला की फटाक्यांचे गाळे. गेल्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबर मुलींनी रस्त्यावर, गाड्या चुकवत प्रॅक्टिस केली. मुलांची क्रिकेटची बाजू मात्र या चारही महिन्यांत चालू होती. दर वर्षी ऑगस्ट चिखलातच जातो म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. यंदा पावसाने ओढ दिलीय, शेतकऱ्याच्या पोटात गोळा आलाय, पण मैदान कोरडं आहे, खेळण्याजोगं आहे, आणि मुली कठड्यावर बसून आहेत. ‘‘सकाळी सहाला खेळा’’ असं सुचवण्यात आलं. निम्म्या मुलींची शाळा सातची आहे.

दुसरं लिहायला मला संकोच वाटतो, तरी लिहिते. मैदानाच्या कडेचं स्वच्छतागृह कुलपात असतं. किल्ली कार्यालयात, कार्यालय पाचला बंद. मुलं भिंतीआड जातात. मुली काय करतात माहीत आहे? त्या दुपारपासून पाणी पीत नाहीत. अकरा ते सोळा वर्षांच्या मुली, महिन्याचे चार दिवस असलेल्या मुली, तहानलेल्या पळतात. एप्रिलमध्ये एकीला चक्कर आली, सगळ्यांनी मिळून तिला सावलीत नेलं, तेव्हा तिने मला कानात सांगितलं की सकाळपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. मी आई आहे, मला हे त्या दिवसापर्यंत कळलं नव्हतं, याची मला लाज वाटते. तुम्हाला कळलं नसेल तर दोष देत नाही. पण १२ जूनच्या अर्जात मी हे स्पष्ट लिहिलं होतं. तेव्हापासून आजपर्यंत तुम्हाला ते ठाऊक आहे.

तिसरं, गोलपोस्ट. दोन होते. एक गेल्या नवरात्रात मांडवाला आधार म्हणून वापरला आणि वाकला. तो पत्र्याच्या शेडमागे पडला आहे. दुसरा क्रिकेटवाल्यांना आड येतो म्हणून हलवला. मुली विटा मांडून खेळतात. विटांना क्रॉसबार नसतो. माझी मुलगी दोन वर्षं गोलकीपर आहे आणि स्वतःच्या मैदानावर ती डोक्यावर दांडा असलेल्या गोलमध्ये एकदाही नीट उभी राहिलेली नाही. गेल्या डिसेंबरात शाळांच्या स्पर्धेत तिच्या डोक्यावरून तीन बॉल आत गेले. घरी येऊन म्हणाली, ‘‘आई, वर किती जागा असते तेच मला कळत नाही.’’ कार्मोनाचा तो गोल, क्रॉसबारला लागून आत गेलेला, आमच्या विटांच्या गोलमध्ये असता तर गोल झाला की बाहेर गेला यावर भांडण झालं असतं.

चौथं, दिवा. साडेसहाला मुलींच्या बाजूचा दिवा बंद होतो, क्रिकेटच्या बाजूचा नऊपर्यंत चालू असतो.

आणि पाचवं, समितीत एकही बाई नाही. असती तर दुसऱ्या मुद्द्यासाठी मला अर्ज करावा लागला नसता.

गोलकीपरचीच आणखी एक गोष्ट सांगते. इंग्लंडची मेरी अर्प्स ही फिफाने २०२२ ची जगातली सर्वोत्तम गोलकीपर ठरवलेली बाई. या विश्वचषकासाठी इंग्लंडच्या इतर खेळाडूंची जर्सी दुकानात मिळते, तिची गोलकीपरची जर्सी नाइकीने विकायला काढलीच नाही. तिने जाहीरपणे सांगितलं की याचं तिला फार वाईट वाटलं. कुणी विकत घेणार नाही असं कुणीतरी आधीच ठरवून टाकलं होतं. माझ्या मुलीने ते वाचलं आणि तिच्या जुन्या हिरव्या टी-शर्टच्या पाठीवर मार्करने ‘१’ हा आकडा काढला. तो शर्ट ती रविवारी घालणार आहे.

मी तुम्हाला शत्रू मानत नाही. स्पेनच्या पंधरा खेळाडूंनी गेल्या सप्टेंबरमध्ये आपल्या महासंघाला लिहून कळवलं होतं की संघातल्या परिस्थितीचा आमच्या मनावर आणि तब्येतीवर परिणाम होतोय, ती बदलेपर्यंत आमची निवड करू नका. महासंघाने त्यांनाच माफी मागायला सांगितलं. त्या पंधरांपैकी फक्त तिघी आज या विश्वचषकात आहेत, बोनमाती, कालदेन्ते आणि बातये. बाकीच्या घरी बसून बघतील. उलट इंग्लंडच्या मुलींनी गेल्या वर्षी युरो जिंकल्यावर तीन दिवसांत पंतप्रधानपदाच्या दोन्ही उमेदवारांना खुलं पत्र लिहिलं. शाळेत प्रत्येक मुलीला फुटबॉल खेळायला मिळालं पाहिजे, एवढीच मागणी. या मार्चमध्ये तिथल्या सरकारने ती मान्य केली. पत्र दोन्हीकडे खेळाडूंनीच लिहिलं होतं. ते वाचणाऱ्यांनी काय केलं, एवढाच फरक.

नाशिकला हे नवीन नाही. त्र्यंबकच्या डोंगरातल्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. तिला आपण ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ म्हणून डोक्यावर घेतलं, चौकाचौकात फलक लावले. आपल्याच मैदानावरही लावला होता, मला आठवतं. सुरगाणा-पेठकडच्या ज्या तिघींबद्दल मी वर लिहिलं त्यातली एक आमची लेफ्ट विंगर आहे, तिच्यामागे धावून कुणी तिला पकडू शकत नाही. ती पुढे काय होईल ते मला माहीत नाही. तिला आठवड्यातून साडेचार तास मैदान मिळायचं, आता शून्य मिळतं, एवढं माहीत आहे.

मागण्या अशा आहेत.

रविवार, २० ऑगस्टला दुपारी तीन ते साडेसहा सभागृह उघडं ठेवावं आणि टीव्ही सुरू करून द्यावा. फायनल बघायला मुलींबरोबर कुणीही यावं, क्रिकेट खेळणारी मुलंही यावीत, समितीही यावी.

सोम-बुध-शुक्र पाच ते साडेसहा ही मुलींची वेळ परत द्यावी. गणपतीपर्यंत पथकाला जागा हवी असेल तर मैदानाचे भाग करता येतील. पथकप्रमुखांशी मी बोलले आहे, ते साडेसहानंतर सुरू करायला तयार आहेत. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

स्वच्छतागृहाची एक किल्ली प्रॅक्टिसच्या दिवशी सरांकडे किंवा माझ्याकडे असावी. ही मागणी सभेपर्यंत थांबू शकत नाही, सोमवारपासून हवी.

वाकलेला गोलपोस्ट दुरुस्त करून परत रोवावा. आमच्या लाइनवरचा एक वेल्डर मोफत करून द्यायला तयार आहे, फक्त परवानगी द्या. दिवा दोन्ही बाजूंना सारखाच चालू राहावा.

पुढच्या सभेत मुलींच्या पालकांपैकी दोन स्त्रिया समितीवर घ्याव्यात आणि या पत्राचं उत्तर लेखी द्यावं.

सभागृहाचं उत्तर मला उद्या शनिवारी संध्याकाळपर्यंत हवं आहे, कारण नकार असेल तर मला चौदा-पंधरा मुलींना कुणाच्या तरी घरात बसवायची सोय करावी लागेल आणि आमचं घर दोन खोल्यांचं आहे. होकार असेल तर किल्ली कुणाकडून घ्यायची तेवढं कळवा. मी अडीचला येऊन उभी राहीन, मुली झाडू घेऊन येतील.

आपली,
एका गोलकीपरची आई
(नाव आणि पत्ता समितीकडे दिलेल्या तिन्ही अर्जांवर आहे)